बंद नळीचा सूर

ती बाटली खाली ठेव, राधाकृष्ण. हो, तुलाच म्हणतोय. मघापासून तिच्या तोंडावर आडवी फुंकर मारून आगगाडीची शिट्टी काढत बसलायस. दिवसा काढ, घसा सुकेपर्यंत काढ. पण दिवे लागले की माझ्यासमोर बाटली, बांबू, नळी, काही म्हणजे काही वाजवायचं नाही. हॉस्टेलचा नियम नाही हा. शलमोन शिपायाचा नियम आहे.

हसा. म्हातारं भितंय म्हणा. मी भितोच, मला त्याची लाज नाही. तुम्ही उद्या ट्रेनिंग संपवून मास्तर होणार, खडू हातात घेऊन पोरांना सांगणार की भूतबीत सगळं झूट. सांगा बापडे. यशया मास्तरही हेच सांगायचे, आणि तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगायचे.

बरं, विचारताच आहात तर ऐका. जरा जवळ सरका. ही गोष्ट मला मोठ्यानं सांगता येत नाही.

तीन वर्षं झाली. तारीखवार सांगतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं पदरचं घातलं. तीस मार्च, एकोणीसशे शेहेचाळीस, शनिवार. अमावास्या दोन दिवसांवर आलेली. तेव्हा मी इथं नगरला नव्हतो. जामखेडच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या शाळेत मी शिपाई होतो आणि यशया मास्तर शास्त्र शिकवायचे. त्या दिवशी संध्याकाळी ते घरातून निघाले ते अगदी साध्या कामाला. खिशात एक कोरं कार्ड, एका हातात दौत-टाक, दुसऱ्यात कंदील. वस्तीवर गोजरबाई म्हणून एक बाई राहायची, तिच्या दिराला राहात्याला पत्र लिहून द्यायचं होतं. तिला लिहिता येत नव्हतं.

काम साधं, पण मास्तरांचं पाऊल उचलत नव्हतं. का, ते सांगायला चार दिवस मागं जावं लागेल.

गोजरबाईचा नवरा छगन विहिरी खणायचा. नगर रस्त्याच्या कडेला गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याची नवी विहीर चालली होती, चांगली ऐसपैस, दोन पुरुष खोल गेलेली. मंगळवारी सकाळी न्याहारीच्या आधी तिची दक्षिणेची बाजू खचली. बाकीचे पळाले. छगन अगदी कडेला, कपारीत बसून पहारीनं मुरूम काढत होता. तो आतच राहिला, आणि ढिगारा कपारीच्या तोंडावर येऊन बसला.

पण तो मेला नव्हता. दुपारपर्यंत आतून त्याच्या हाका ऐकू येत होत्या. गोधडीत तोंड खुपसून माणूस ओरडला तर कसा आवाज येईल, तशा. दुपार कलली आणि त्या थांबल्या. घसा गेला, का जीव गेला, कोणाला सांगता येईना.

आता पंचाईत अशी की ढिगाऱ्यावर उरलेली दरड लोंबत होती. खाली पहार मारली की वरून खडे गळायचे. खणणाऱ्यांचा मुकादम गोरक्षनाथ, दांडगा माणूस, कशाला न भिणारा. तो दरडीकडे बघून म्हणाला, "जिता आसंल तर आमी मरू, पन त्येला काढू. मेला आसंल तर मड्यापायी चार जितं कशाला घालू? मला कुनीतरी सांगा, त्यो हाय का न्हाई."

सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं. आहे की नाही.

गहिनीनाथानं आपल्या ऑइल इंजिनाचा सहा फुटी पाईप आणला. आधी ढिगाऱ्यात पहार घातली. पाच फुटांवर ती सटकन मोकळी गेली, म्हणजे आत पोकळी होती. मग पाईपाच्या टोकात लाकडी गुटका ठोकून पाईप त्या भोकात सारला आणि वरून गज घालून गुटका पलीकडं पाडला. आत हवा तरी जाईल. पाईपाचं तोंड वीतभर वर राहिलं. आणि तेवढ्यात शाळा सुटून आम्ही दोघं तिथं पोचलो, मी आणि यशया मास्तर.

थांबा, इथं तुम्हाला थोडं शास्त्र सांगायला हवं. तोंड वाकडं करू नका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळेच्या कपाटात एक लांब काचेची नळी होती आणि एक ट्यूनिंग फोर्क. आम्ही त्याला चिमटा म्हणायचो. मास्तर चिमटा रबरावर आपटून नळीच्या तोंडाशी धरायचे आणि मी नळीत पाणी चढवायचो. चढता चढता एका ठिकाणी नळी एकदम हुंकार द्यायची. मास्तर पोरांना सांगायचे, बाबांनो, ही लाट पुढं जात नाही, नळीतली हवा तिथल्या तिथं झुलते. बंद टोकाशी तिला हलायला जागा नसते, उघड्या टोकाशी ती मोकळी नाचते. मी चौथी नापास, पण मला हे पोरांपेक्षा चांगलं कळलं. पोरं नुसती ऐकायची, पाणी मी ओतायचो.

आणि बांबूचा प्रयोग तर मलाही करता यायचा. हातभर बांबू, दोन्ही तोंडं उघडी. वरच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की एक सूर. तोच बांबू, तीच फुंकर, फक्त खालच्या तोंडाला तळवा लावला की सूर बरोब्बर एक सप्तक खाली. पेटी वाजवणाऱ्याला विचारा, वरचा सा आणि खालचा सा. नळी उघडी असली तर वरचा, खालून बंद असली तर खालचा. मास्तर डोळे मिटून पोरांना सांगायचे, खाली हात लावलाय का काढलाय. एकदा चुकले नाहीत.

तर मास्तर विहिरीत उतरले. पाईपाच्या तोंडाशी गुडघे टेकले. म्हणाले, "सगळे गप्प राहा." आणि फुंकर मारली.

पाईप वाजला. वरचा सा.

"उघडा आहे," मास्तर म्हणाले. "खाली पोकळी आहे अजून."

मुकादमानं पाईपाला तोंड लावलं आणि हाक मारली, "छगन्या! आरं ओ दे! छगन्या!" मग सगळे गप्प. वर काठावर पन्नास माणूस, पण बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा कोणीतरी मुठीत धरली होती. आम्ही ऐकत राहिलो. ओ आली नाही.

मास्तरांनी परत फुंकर मारली.

खालचा सा.

त्यांनी तिसऱ्यांदा मारली. खालचाच. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माती बसली. पाईपाचं खालचं तोंड बंद झालं. आता आत पोकळी उरली नाही."

काठावरून गोजरबाई ओरडली, "मास्तर, येकदा गज घालून बगा की!"

"बाई, गज हलवला तर वरची दरड हलेल," मास्तर म्हणाले. "आणि त्याची गरज नाही. नाद खोटं बोलत नाही."

खरं सांगतो, त्या वेळी मला मास्तरांचा अभिमान वाटला. पन्नास अडाणी माणसांत एकाला तरी समजतं, आणि दुसरा मी. मुकादमानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि आपली माणसं वर घेतली. दरडीला टेकू द्यायला जामखेडाहून लाकडं आणायची, रविवारी टेकू लावायचे आणि सोमवारी सावकाश मयत काढायचं, असं ठरलं. पाईप तसाच राहिला. गोजरबाईनं मात्र बांगड्या फोडल्या नाहीत. बायका समजवायला गेल्या तर म्हणाली, "त्येचं त्वांड बघितल्याबिगर न्हाई."

आता शनिवारकडे येतो.

मास्तर वस्तीवर पोचले तेव्हा दिवा लागला होता. गोजरबाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. मास्तरांनी कार्ड मांडीवर घेऊन टाक बुडवला.

"लिवा," ती म्हणाली. "छगन इहिरीत हाय. तुमी या."

"बाई, वारला असं लिहावं लागेल. त्याला कळायला हवं."

"मी सांगते त्ये लिवा."

मास्तरांनी तसंच लिहिलं. पत्ता घातला. उठताना ती म्हणाली, "मास्तर, येक इचारू? पाईप आदी येगळा वाजला, मंग येगळा वाजला. मदी काय झालं हुतं?"

"माती बसली, बाई. त्या दिवशी सांगितलं ना."

"मदी मुकादमानं हाक मारली हुती," ती म्हणाली. आणि भाकरी उलटायला वळली.

मास्तरांना त्या बोलण्याचा रोख कळला नाही. ते असं म्हणायचे. मला वाटतं कळला होता, पण कळून घ्यायचं नव्हतं.

परत यायची वाट विहिरीवरूनच होती. सव्वासात वाजले असतील. अंधार पडला होता, वारा सुटला होता, आणि तो विहिरीत शिरून घुमत होता. मास्तर रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं चालले होते. विहीर मागं पडायला वीस पावलं उरली असतील, तेवढ्यात पाईप वाजला.

वारा तोंडावरून गेला की पाईप वाजणारच, त्यात काही नवल नाही. मास्तर चालत राहिले. मग थांबले. आवाजात काहीतरी चुकत होतं. त्यांच्या कानाला ते आधी कळलं, डोक्याला मागाहून.

वरचा सा होता.

त्यांनीच बंद ठरवलेला पाईप उघडा वाजत होता.

माणूस एकटा असला की स्वतःशी बोलतो. मास्तर म्हणाले, "माती खाली सुटली असेल."

सूर उतरला. खालचा सा.

ते उभे राहिले. वारा तेवढाच होता. हातातल्या कंदिलाची ज्योत एका अंगाला वाकली होती, ती तशीच वाकलेली. सूर खालीच राहिला... बराच वेळ. मग हळूच वर गेला.

मास्तरांनी ओठ ओले केले. "कोण आहे?"

खाली.

ते बोलायचे थांबले. त्यांनी मनात आकडे मोजले. तीस झाले, चाळीस झाले. पन्नासाच्या पुढं कधीतरी सूर वर गेला.

"एक," मास्तर म्हणाले.

खाली.

पळून जायचं ना? मी पळालो असतो. तुम्हीही पळाला असता, फुशारकी मारू नका. पण तो शास्त्राचा माणूस. त्यांना एवढंच सुचलं की जवळ जाऊन बघायचं. कंदील हातात धरून ते खणलेल्या पायऱ्यांनी विहिरीत उतरले. वरून चार खडे गळले. ढिगाऱ्यावर चढून ते पाईपापाशी बसले. कंदील शेजारी ठेवला.

पाईप वाजत होता. वरचा सा. उघडा.

"छगन?"

खाली. लगेच. शब्द संपायच्या आत.

मास्तर गप्प राहिले. पाईप खालच्या सुरात धरून राहिला. कोणीतरी पुढचं ऐकायला थांबल्यासारखा. पुढचं काही आलं नाही... आणि सूर वर गेला.

तेव्हा त्यांना कळलं.

मंगळवारी पहिली फुंकर मारली, तेव्हा पाईप उघडा होता. मग मुकादमानं हाक मारली. आणि मग पाईप बंद झाला. माती बसली नव्हती. आत माणूस होता. घसा गेलेला, हात अडकलेले. त्यानं आपलं नाव ऐकलं... आणि पाईपाला कान लावला.

मास्तर पाईपाकडे सरकले. मग म्हणाले, "मी यशया. माझी चूक झाली."

खाली.

"ऐकतोस का?"

खालीच.

त्यांनी वाकून आपला कान पाईपाला लावला. दोन्ही तोंडं बंद झाली. आवाज थांबला.

आत काही नव्हतं. श्वास नाही. कण्हणं नाही. पण पलीकडं कोणी नसणं वेगळं, आणि कोणीतरी गप्प असणं वेगळं. दाराला कान लावला तर कळतं ना आपल्याला? पलीकडं कोणीतरी गप्प होतं. वर मास्तर ऐकत होते. खाली तो ऐकत होता.

मंगळवारीही हेच झालं होतं.

आठाच्या सुमाराला मी भाकरी खात होतो, तर मास्तर दारात. पायात चप्पल नाही, अंगभर मुरूम. म्हणाले, "शलमोन, तो जिवंत आहे. पाण्यावाचून चार दिवस माणूस राहू शकतो का रे? गारव्यात राहू शकतो, नाही का?" मी हो म्हणालो. मला काय ठाऊक? पण त्या चेहऱ्याला नाही म्हणवेना. मी मुकादमाकडे पळालो, ते गोजरबाईकडे.

त्यांनी तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. पण विहिरीवर सगळे जमल्यावर त्यांनी ते सगळ्यांसमोर परत सांगितलं. "गज घालू दिला नाही, ते माझं चुकलं. तो तेव्हा ऐकत होता." मुकादमानं दरडीकडे कंदील धरला, एकदा थुंकला आणि म्हणाला, "चला रं. टेकूबिकू न्हाई, हातानंच उपसू." मंगळवारी जी चार माणसं त्यानं वर घेतली होती, तीच चार खाली उतरली. पाचवे मास्तर. सहावा मी.

गोजरबाई पाईपापाशी बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाईपाच्या तोंडाशी वाकून ती बोलायला लागली. "आवं, मी हाय हितं. सगळी आल्याती. मुकादम आलाया. शेळी आज चरायला गेली न्हाई, पायाला लागलंय तिच्या. त्या साळूबाईनं परवा कालवान दिलं, लई तिकाट, मला न्हाई ग्वाड लागलं..." असं. काहीबाही. थांबली असती तर त्याला वाटलं असतं, आम्ही परत गेलो. ती थांबलीच नाही. आणि वारा पाईपावरून जात होता, आणि पाईप खालच्या सुरात वाजत होता. सबंध वेळ.

एकदा तिला ठसका लागला. ती थांबली. आम्हीही पाट्या हातात धरून थांबलो. पाईप वर गेला.

"आले, आले," ती म्हणाली. तो खाली आला.

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मास्तरांचं सोडा. हे मी ऐकलंय.

रात्री साडेदहाला मुकादमाचा हात आत गेला. त्यानं माती ओढली आणि तोंड फिरवलं. मग आम्हालाही वास आला.

छगन बसलेला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत दबलेले, मांड्यांवर दगड. फक्त मान हलवता येईल एवढी जागा. मान त्यानं वळवली होती. डावा कान पाईपाच्या तोंडाला चिकटला होता, इतका घट्ट, की मुकादमाला पाईप आधी वर ओढावा लागला. मुकादमानं आयुष्यात बरीच मयतं काढलीत. तो म्हणाला, ह्येला तीन दिस झाल्याती. कमीत कमी. बुधवारी गेला असेल. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी होता. आम्ही वर चढून घरी गेलो तेव्हा होता.

मग शनिवारी कोण मान हलवत होतं, ते मला विचारू नका.

गोजरबाईनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. बांगड्या तिथंच दगडावर फोडल्या. ती रडली नाही. मास्तर मात्र ढिगाऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही शाप देणार. आणि द्यावाच, असंही वाटलं.

ती म्हणाली, "तुमी खोटं बोलला न्हाई, मास्तर. पाईप बंदच हुता."

यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मास्तरांनी जूनमध्ये शाळा सोडली. आता सोनईला असतात, बिगरीच्या पोरांना मुळाक्षरं शिकवतात. भेटलो तर बोलतात, हसतातही. पण बोलता बोलता मध्येच थांबतात, आणि समोरचा काय म्हणतोय याची फार वेळ वाट बघतात.

गहिनीनाथानं तो पाईप परत इंजिनाला लावला नाही. विहीरही बुजवली. पाईप गोजरबाई घेऊन गेली. कशाला घेतला, कोणी विचारलं नाही.

गेल्या पौषात मी गावी गेलो होतो. दिवेलागणीला तिच्याकडे डोकावलो. तिनं बसायला दिलं, चहा ठेवला. पाईप आढ्याला दोन दोऱ्यांनी आडवा टांगलेला होता, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर. दोन्ही तोंडं मोकळी. एका तोंडाच्या समोर, हातभर अंतरावर, कोनाड्यात चिमणी जळत होती. मी दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. आत गंज होता, दुसरं काही नाही. पलीकडं ज्योत स्वच्छ दिसत होती.

मला राहवलं नाही. ती चुलीत लाकूड सारत होती, गप्प होती. मी हळूच फुंकर मारली.

वरचा सा. उघड्या नळीचा. जसा यायला हवा तसा. तुम्हाला सांगतो, पावणेतीन वर्षांचं ओझं उतरलं. मी मनात मास्तरांना पत्रसुद्धा लिहिलं, की मास्तर, आता काही नाही हो, तुम्ही परत शास्त्र शिकवा.

तेवढ्यात गोजरबाई बोलायला लागली. माझ्याकडे पाठ होती तिची. "आज शेळी व्याली. दोन करडं झाली. येक पांढरं हाय, येक तुमच्या आयच्या शेळीवानी कबरं..."

मी आणखी एकदा फुंकर मारली.

खालचा सा.

मी परत डोळा लावला.

नळीत अंधार होता. मी मान बाजूला करून पाहिलं. कोनाड्यात चिमणी जळतच होती.